पुलाची भूक

मायामीच्या विमानतळापर्यंत गाडी आपली आपण गेली असती. पण केतकी तांडेलला त्या दिवशी हातांना काम हवं होतं. घरातून निघतानाच तिने स्वयंचालन बंद केलं आणि स्टिअरिंग धरलं. परतीच्या विमानासाठी निघालेला तिचा धाकटा भाऊ पराग शेजारून म्हणाला, गाडीला चालवू दे ना ताई, म्हणजे आपल्याला निवांत बोलता येईल. निवांत बोलण्याइतकं तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

सकाळी चहा पिता पिता त्याने विषय काढला होता. हेरॉन कीवरचं हे घर विकून टाक, वर कुठेतरी डोंगराळ भागात जागा घे. केतकीने हसण्यावारी नेलं. मग तो म्हणाला, जाईला बाळंतपणासाठी इथे बोलावू नकोस. तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं. जाई तिची एकुलती एक मुलगी, अटलांटाला नोकरीला, सातवा महिना लागलेला. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर केतकीने तिला एकटीने वाढवलं होतं, आणि पहिल्या खेपेला आईकडे यायचं हे मायलेकींचं केव्हाच ठरलं होतं. का बोलावू नको, असं तिने विचारलं, तर पराग म्हणाला, वादळांचे दिवस येतायत. वादळांचे दिवस दर वर्षीच येतात, असं म्हणून तिने कप सिंकमध्ये आपटला होता.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी समुद्रात लहान लहान बेटांची एक माळ आहे. तिकडे बेटाला 'की' म्हणतात. माळेतली सगळी बेटं एकाच महामार्गात ओवलेली आहेत. बेट, पूल, पुन्हा बेट, पुन्हा पूल. मुख्य भूमीकडे निघालं की डाव्या हाताला आखाताचं उथळ, फिकट हिरवं पाणी लागतं आणि उजव्या हाताला अटलांटिकचं गडद निळं. कांदळवनं रस्त्याला येऊन भिडलेली असतात, घोरपडीसारखे दिसणारे इग्वाना कडेला ऊन खात पडलेले असतात. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या केतकीला ही बेटं पहिल्या दिवसापासून आपली वाटली होती. जाई शाळेत जात होती तेव्हा केतकी इथल्या छोट्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली आणि इथलीच होऊन गेली. हेरॉन कीवर ज्याने तिच्या हातचं इंजेक्शन घेतलं नाही असा माणूस शोधावा लागला असता.

आणि या माळेतले पूल तिच्या भावाचे होते. निदान ती तसं म्हणायची.

समुद्रातल्या काँक्रीटचा वैरी म्हणजे मीठ. ते झिरपत झिरपत आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. माळेतले जुने पूल असेच मोडकळीला आले होते. पूल सांभाळणाऱ्या कंपनीत पराग शास्त्रज्ञ होता, आणि त्याच्या प्रयोगशाळेने यावर काढलेला उपाय जिवंत होता. प्रवाळाचा बारीक जीव समुद्राच्या पाण्यातून चुना काढून आपलं घर बांधतो. ती कला त्यांनी एका जिवाणूला दिली. पुलाच्या कठड्यावर सौरपट्ट्या बसवल्या आणि त्यांची सौम्य वीज सळयांमध्ये सोडली. जिवाणू त्या विजेवर जगत आणि खांबाभोवती चुन्याचे थर चढवत राहत. भेग पडली की आपोआप भरून येई. वादळाने कोपरा उडवला तर काही महिन्यांत तो पुन्हा उगवे. परागने फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो त्याला 'जीवशिला' म्हणाला होता. केतकीने घरी पेढे केले आणि दवाखान्यात वाटले. आई गेली तेव्हा पराग सहावीत होता. त्याच्या डब्यापासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत सगळं हिनेच पाहिलं होतं. त्या पेढ्यांवर तिचा हक्क होता.

आता तो खिडकीबाहेर बघत बसला होता. गाडी ग्लोरिया पिंडरच्या घरावरून गेली. घराभोवती पिवळी पट्टी बांधलेली होती.

ग्लोरिया ही केतकीची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली, याच बेटावर जन्मलेली. गेल्या महिन्यात एका सकाळी तिच्या स्वयंपाकघराची जमीन खचली आणि ती खाली गेली. आवाज ऐकून केतकी धावली, तेव्हा शेगडी खड्ड्याच्या काठावर लोंबकळत होती आणि खाली, विहिरीत दिसावं तसं, समुद्राचं पाणी चमकत होतं. ग्लोरियाचा मुलगा डेन्झिल होड्या दुरुस्त करायचा. तो दोर बांधून आत उतरला आणि त्यानेच आईला वर आणलं. केतकीने तिचे डोळे मिटले.

पाठोपाठ पूल सांभाळणाऱ्या कंपनीचं तपास पथक आलं, आणि त्यांच्याबरोबर पराग. बेटावरच्या हॉलमध्ये सभा झाली. परागने नकाशे दाखवून सांगितलं की चुनखडीच्या जमिनीत अशा पोकळ्या निसर्गतःच होतात, हा दुर्दैवी अपघात आहे. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी म्हणालं, कंपनीचा माणूस दुसरं काय सांगणार. तेव्हा केतकी उठून उभी राहिली होती. ती म्हणाली, हा माझा भाऊ आहे, मी वाढवलाय त्याला, हा तुमच्याशी खोटं बोलणार नाही. सभा शांत झाली. लोकांचा कंपनीवर विश्वास नव्हता, केतकीवर होता.

हेरॉन की संपलं आणि लांब पूल सुरू झाला. दोन्ही बाजूंना फक्त पाणी. या पुलावर थांबायला जागा नाही, वळायला जागा नाही. एकदा चढलं की पलीकडे सॅडल कीवरच उतरायचं. पेलिकन पक्षी कठड्याच्या समांतर उडत होते. पुढच्या वळणाखालचे खांब पाण्यातून वर येताना झाडाच्या बुंध्यासारखे जाड आणि पांढरेशुभ्र दिसत होते. मागच्या वर्षी याहून बारीक होते, असं केतकीला वाटलं.

"जाईला नको का बोलावू, ते खरं सांग," ती म्हणाली. "वादळाचं सोड."

 परागने सांगायला सुरुवात केली, आणि आवाज इतका खाली होता की केतकीला खिडक्या बंद कराव्या लागल्या.

पूल फारच जोमात वाढत होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन समुद्र आंबट होत चालला होता, आणि आंबट पाण्यात चुना घडायला लागणारा माल दर वर्षी कमी होतो. हिशोबाने खांब उपाशी राहायला हवे होते. ते उलट माजत होते. एवढा चुना येतो कुठून, म्हणून त्यांनी नमुने घेतले, तेव्हा दिसलं की जिवाणू बदललेत. एकाला एक जोडून त्यांनी केसाहून बारीक तंतू विणले होते आणि त्या तंतूंमधून वीज वाहत होती. समुद्रतळाच्या चिखलात असे तंतू निसर्गातही सापडतात, पण ते बोटभर लांब. हे खडकाच्या छिद्राछिद्रांतून पार आत गेले होते. तंतूच्या एका टोकाला, खांबापाशी, चुना जमत होता. दुसऱ्या टोकाला आम्ल तयार होत होतं, आणि ते टोक बेटाच्या पोटात होतं. ही सगळी बेटं म्हणजे फार जुने, मेलेले प्रवाळ. वरपासून खालपर्यंत चुनखडी, स्पंजासारखी सच्छिद्र. तंतू ती विरघळवत होते आणि पूल ती खात होता.

केतकीने वेग कमी केला नाही की वाढवला नाही. 

"कुठली कुठली बेटं?" तिने विचारलं.

"सगळीच, थोडीफार. हेरॉन की जास्त. लांब पूल तिथून सुरू होतो ना."

"आणि वीज बंद केली तर?"

तर तंतू मरतील, तो म्हणाला. पण पूलही मरेल. हे पूल वाढत राहणार हे गृहीत धरून बारीक सळयांवर बांधलेत. वीज तोडली तर वर्षाच्या आत अवजड गाड्या बंद कराव्या लागतील. बेटांना पिण्याचं पाणी याच पुलावरच्या नळातून येतं. वादळ आलं तर पळायला हाच एक रस्ता आहे. तुझ्या दवाखान्यातल्या रुग्णाला मायामीला न्यायचं तर याच रस्त्याने. आमचा गट या तंतूंना मारणारा दुसरा जिवाणू शोधतोय, दोन वर्षं लागतील. तोवर लोकांना सांगितलं तर नुसती घबराट होईल, घरं मातीमोल होतील, आणि हाती काही लागणार नाही. कंपनीचं म्हणणं असं होतं. मलाही ते पटलं होतं.

तो जे सांगत होता त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्यामुळेच केतकीचा संताप वाढत गेला. तिला सभेतले चेहरे आठवले. आपलं नाव सांगून आपण त्यांना घरी झोपायला पाठवलं, त्या जमिनीवर.

"तू मला सांगितलंस, कारण मी तुझी बहीण," ती म्हणाली. "जाईला नको म्हणालास, कारण तुझी भाची. ग्लोरियाचा कुठला भाऊ तुमच्या कंपनीत होता?"

परागने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पूल संपला.

सॅडल कीवर रस्त्यालगत मार्गो नावाच्या बाईचं दुकान आहे. गाड्या चार्ज करायची सोय, गळाला लावायची कोळंबी, कॉफी, सगळं एका छपराखाली. केतकीने तिथे गाडी वळवली. परागला वाटलं, कॉफीसाठी. तिने गाडी बंद केली आणि समोर बघत सांगितलं, की आत दहाबारा माणसं बसलेली असतात, तू आत जाऊन आत्ता मला सांगितलंस ते सगळं त्यांना सांगायचंस. नाहीतर बॅग घेऊन उतर, मायामीची बस इथूनच जाते. मग मी आत जाईन आणि मी सांगेन, आणि कोण म्हणालं म्हणून विचारलं तर तुझं नाव सांगेन.

पराग समजावत राहिला. माझी नोकरी जाईल, करार मोडला म्हणून कंपनी कोर्टात खेचेल, ताई, दोन वर्षं फक्त.  केतकी उतरली, दार लावलं आणि चालायला लागली. पायऱ्यांपाशी पोचली तेव्हा मागून गाडीचं दुसरं दार वाजलं.

मार्गोच्या दुकानात त्या दिवशी पराग बोलला ते केतकीला नंतर तुकड्या-तुकड्यांनी आठवायचं.  त्याने नकाशा काढला नाही, खडकाचं शास्त्रही फार सांगितलं नाही. पूल तुमची जमीन खातोय आणि आम्हाला ते माहीत आहे, एवढं तो सरळ बोलला. 

लोक त्याच्यावर तुटून पडतील असं केतकीला वाटलं होतं. ते तिच्यावर तुटून पडले. खिडकीपाशी बसलेल्या एका गृहस्थाने घर विकायला काढलं होतं, येत्या शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या. तो केतकीला म्हणाला, की बाई, चार दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही का तुला. दुसरा म्हणाला, पूल बंद करायला निघालीस, मग माझ्या मुलीला झटके आले की बोटीने नेऊ का. मार्गो काउंटरमागून बाहेर आली. ती हेरॉन कीच्या सभेला आली होती.

"तूच उभी राहिली होतीस त्याच्यासाठी," ती केतकीला म्हणाली. "आज तूच त्याला घेऊन आलीस. आम्ही तुझं कधीचं खरं मानायचं?"

 आजचं, एवढंच केतकी म्हणाली. मार्गोने तिच्याकडे पाठ केली आणि फोन उचलला. दुकानातले सगळेच आपापले फोन काढून कुणाकुणाला लावत होते. परागचाही फोन वाजायला लागला होता. त्याने नाव बघितलं आणि तो खिशात ठेवून दिला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. बातमी पुलाच्या दोन्ही टोकांना पोचली होती.

बाहेर आल्यावर केतकीने गाडी मायामीकडे न नेता परत हेरॉन कीकडे वळवली. परागने कुठे चाललो म्हणून विचारलं नाही. विमानाची वेळ तशीही टळत आली होती. परतीच्या पुलावर समोरून भरधाव ट्रक येत होते, आणि प्रत्येक ट्रकसरशी पूल किंचित हलत होता. तो नेहमीच हलायचा. आज केतकीला ते सोसवेना. ती मनात एकच गोष्ट घट्ट धरून होती. हे पराग आणि त्याच्या लोकांना ग्लोरिया गेल्यानंतरच्या तपासणीत कळलं. नमुने घेतले तेव्हा दिसलं, असं तो म्हणाला होता. महिनाभर लपवलं, हे वाईटच, पण महिनाभरच.

डेन्झिल आईच्या घरामागे होडीला रंग देत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, मुळात अबोल माणूस. आई गेल्यापासून तो पिवळ्या पट्टीच्या आत, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहत होता. सरकारी माणसं हटकून गेली तरी हलला नव्हता. केतकीने त्याला सांगितलं, की माझ्या भावाला तुझ्याशी बोलायचंय आणि तू ऐकून घे. डेन्झिलने ब्रश डब्यात ठेवला.

परागने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी अधिक हळू, कारण समोर एकच माणूस होता आणि तो पापणी न हलवता ऐकत होता. बोलून झाल्यावर पराग म्हणाला, मला माफ करा. डेन्झिलने ते कानाआड केलं.

"हे तुला कधी कळलं?" त्याने विचारलं. "माझी आई जायच्या आधी, की नंतर?"

नंतर, असं उत्तर केतकीच्या ओठांवर आलं होतं. तिने परागकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"आधी," पराग म्हणाला.

हिवाळ्यात, तो पुढे म्हणाला. हेरॉन कीवर पोकळ्या झाल्यात हे हिवाळ्यात कळलं होतं. नेमक्या कुठल्या घराखाली, ते माहीत नव्हतं.

डेन्झिल त्याच्या अंगावर धावून जाईल म्हणून केतकी मध्ये सरकली होती. तो जागचा हलला नाही. त्याने फक्त केतकीला विचारलं, आणि तू. आज, पुलावर, ती म्हणाली. त्याने मान हलवली. मग म्हणाला, उद्या सकाळी हॉलमध्ये सगळ्यांना बोलावतो, तिथे हा बोलेल, तोवर हा बेट सोडणार नाही. कुठे राहील?

परागने बहिणीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच केतकीला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"माझ्या घरात नाही," ती म्हणाली.

"मग इथे राहील," डेन्झिल म्हणाला. "जागा आहे."

केतकीने गाडीतून परागची बॅग काढून पायरीवर ठेवली. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं आणि दारापलीकडचा अंधारा खड्डाही. ती घरी आली आणि तिने जाईला फोन करून सांगितलं, की इकडे यायचं नाही, मीच तिकडे येते. का, ते सांगताना ती इतकी मोठ्याने बोलायला लागली की जाई घाबरली.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांतून आलं. हॉलमधली सभा, कंपनीचा इन्कार, मग दुसऱ्या विद्यापीठांच्या लोकांनी खडकात भोकं पाडून घेतलेले नमुने, मग इन्काराचं गुळमुळीत होत जाणं. हेरॉन कीवरची दोन घरं त्या पावसाळ्यात खचली, पण तोवर ती रिकामी केलेली होती. वीज तोडायला मात्र पुढचा हिवाळा उजाडला. पूल तोडा म्हणणारे आणि पूल वाचवा म्हणणारे एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. मार्गोच्या दुकानाची काच कुणीतरी फोडली. अवजड गाड्या, रुग्णवाहिका आणि पुलावरचा नळ, सगळं बंद झालं. पाणी आणि औषधं बोटीने यायला लागली, आणि केतकीच्या दवाखान्यातले दोन वृद्ध रुग्ण वेळेवर मायामीला पोचले नाहीत. त्यांची नावं ती विसरली नाही. आपण केलं ते बरोबर होतं, हे त्या दोघांच्या घरी जाऊन सांगायची तिची हिंमत झाली नाही. पण ती तिथे गेली आणि बसली.

पराग प्रसिद्ध झाला. खरं बोलणारा शास्त्रज्ञ, असं त्याच्या फोटोखाली छापून यायला लागलं. नोकरी गेली, पण एका मोठ्या संस्थेने त्याला बोलावून घेतलं. केतकी अटलांटाला नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा पडद्यावर त्याची मुलाखत लागली. मुलाखत घेणारीने विचारलं, एवढं धैर्य कुठून आणलंत. पराग म्हणाला, परिस्थितीचं गांभीर्य पूर्ण लक्षात येताच मी बेटावर गेलो आणि लोकांना सांगितलं. केतकीने पडदा बंद केला.

"तो शेवटी बोलला ना, आई," जाई म्हणाली. "कुणीच बोलत नव्हतं, तेव्हा."

"बोलला नाही. मी बोलायला लावला."

जाईला ते पटलं नाही. तिला मामा फार प्रिय होता, आणि आईचा राग तिला आता अतिरेकी वाटायला लागला होता. केतकीला लेकीशी वाद घालायचा नव्हता. राग कमी व्हावा असं तिला वाटतही नव्हतं. तो गेला तर ग्लोरिया पुन्हा एक दुर्दैवी अपघात होऊन बसेल, असं तिला वाटे.

मग डेन्झिलने दावा लावला. कंपनीवर, आणि माहीत असून लपवणाऱ्या माणसांवर. सगळं येऊन अडलं ते एका गोष्टीवर. कधी कळलं. कंपनीचे हिवाळ्यातले नमुने सापडत नव्हते. परागच्या वकिलाने लिहून दिलं, की हिवाळ्यात त्यांना निव्वळ शंका होती, खात्री नंतर झाली. हॉलच्या सभेत परागने ते गुळमुळीत ठेवलं होतं; 'आधी' असं तो म्हणाला ते त्या दुपारी होडीपाशी, आणि तिथे तीनच माणसं होती. त्यातला एक वादी, एक प्रतिवादी. साक्ष द्यायला उरली केतकी.

परागचा फोन आला तेव्हा केतकी दवाखान्यातून नुकती घरी आली होती. वर्षभरात तिने त्याचा फोन उचलला नव्हता. या वेळी उचलला. त्याने आधी तब्येत विचारली, बाळाचं विचारलं. मग म्हणाला, तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. मी 'आधी' म्हणालो, ते शंकेबद्दल म्हणालो की खात्रीबद्दल, हे तुला नक्की सांगता येणार नाही, एवढंच म्हण. ते खरंच आहे ना. तुला कसं माहीत असणार, माझ्या मनात काय होतं.

केतकी ऐकत राहिली. सहावीतला पराग असाच समजावायचा. शाळेत मारामारी करून आला की शर्ट कसा फाटला याचं असं उत्तर द्यायचा, ज्यातला एकेक शब्द खरा असायचा. तेव्हा ती हसून शर्ट शिवून द्यायची.

"यातून फौजदारी खटला उभा राहील. मला तुरुंग होईल, ताई," तो म्हणाला.

"हॉलमध्ये मी तुझ्यासाठी उभी राहिले, तेव्हा मला काही माहीत नव्हतं," केतकी म्हणाली. "आता माहीत आहे."

तिने फोन ठेवला. हात धुतले, भात टाकला.

कोर्टात गर्दी होती. जाई आली होती, मागे बसली होती, आईकडे बघत नव्हती. पराग पहिल्या रांगेत होता. बारीक झाला होता, कानशिलं पिकली होती. केतकीला एक क्षण वाटलं, याला कुणी नीट जेवायला घालत नसेल. तो क्षण गेला. डेन्झिलच्या वकिलाने तिचं नाव विचारलं, व्यवसाय विचारला, किती वर्षं हेरॉन कीवर आहात ते विचारलं. मग परागकडे हात करून म्हणाला, यांच्याशी तुमचं नातं काय.

"सख्खा भाऊ," केतकी म्हणाली, आणि पुढचा प्रश्न यायची वाट न बघता तिने सांगायला सुरुवात केली.